तंबूमागची सोय

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात, ज्येष्ठ सभासदांच्या सत्रात केलेले भाषण. बोललो त्यात थोडी भर घालून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



माझी ओळख करून देताना निवेदकांनी 'बँकेतून निवृत्त, सध्या समाजकार्य' असं सांगितलं. त्यात दुरुस्ती करतो. निवृत्तीनंतरच्या पंधरा वर्षांत मी एकच काम धड केलं. एक संडास बांधला आणि एक न्हाणीघर बांधलं. तेही घडी करून बसच्या डिकीत मावेल असं.

हसा, हरकत नाही. सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं होतं, "काका, पंचवीस वर्षं झाली संस्थेला, काहीतरी मंगल बोला." विषय सांगितल्यावर ते जरा गप्प झाले. भाषणानंतर लगेच जेवण आहे, ही त्यांची अडचण मला समजते. मी जपून बोलेन. पण ज्या विषयावर आपण चारचौघांत बोलत नाही, तो न बोलल्याचा भुर्दंड माझ्या घरात कोणी भरला, ते आज सांगायचं आहे. त्या पहिल्या रांगेतच बसल्या आहेत. त्यांची परवानगी काढली आहे.

आपली संस्था 2000 साली रजिस्टर झाली आणि पुढच्याच जानेवारीपासून आपली वार्षिक सहल सुरू झाली. अलिबाग, गणपतीपुळे, माळशेज, पाचगणी. मी बरीच वर्षं खजिनदार असल्यामुळे सहलीची वही माझ्याकडे असायची. 2018 साली जानेवारीत आपण एका तलावाकाठी तंबूत मुक्कामाला गेलो होतो. जुन्या मंडळींना आठवत असेल. जाहिरातीत 'सर्व सोयी' लिहिलं होतं. तिथे चाळीस माणसांत एक संडास, त्याला कडी नाही, पाणी नाही, आणि दिव्याच्या जागी दोन वायरी. आम्ही पुरुष मंडळींनी 'चालायचंच' म्हणून वेळ मारून नेली. आम्हाला सगळं रान मोकळं होतं.

परत आलो त्याच रात्री आमच्या सौभाग्यवतींना थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी कंबर दुखू लागली. दवाखान्यात दाखल करावं लागलं. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग, तो वर मूत्रपिंडापर्यंत गेलेला. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "आजी, प्रवासात दोन दिवसांत पाणी किती प्यालात?"

ही म्हणाली, "घोट-दोन घोट. गोळी घेताना."

"का हो?"

ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग जायला लागतं ना."

डॉक्टरीण बाईंनी पुढे विचारलं, असं नेहमी करता का? तेव्हा जे उत्तर आलं, ते मी आजवर विसरलेलो नाही. "लग्न झाल्यापासून. बाहेर निघायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद."

आमचं लग्न 1977 सालचं. माझी बदलीची नोकरी. कणकवलीपासून नांदेडपर्यंत बिऱ्हाड घेऊन फिरलो. रात्र-रात्र एसटीचे प्रवास. स्टँडवर गाडी थांबली की मी उतरून चहा घ्यायचो आणि ही खिडकीपाशी बसून राहायची. मला इतकी वर्षं वाटत होतं की हिला स्टँडवरचा चहा आवडत नाही. दुसऱ्याच्या खात्यातला सव्वा रुपयाचा फरक रात्री नऊपर्यंत बसून शोधणारा मी माणूस. माझ्या घरातलं हे खातं चाळीस वर्षांत एकदाही उघडून पाहिलं नाही.

ती बरी होऊन घरी आली आणि म्हणाली, "यापुढे सहलीला तुम्ही एकटे जा." रागाने नाही, अगदी साधेपणाने.

मग मी सहलीच्या जुन्या वह्या काढल्या. सुरुवातीच्या सहलींत बायका निम्म्याहून जास्त. शेवटच्या सहलीला जेमतेम चौथा हिस्सा. नावं एकेक करून गळत गेलेली. मी हिला त्या घरांत चौकशी करायला पाठवलं, कारण मला कोणी सांगितलं नसतं. कोणाचे गुडघे गेले, खाली बसवत नाही. कोणाला रात्रीतून तीनदा उठावं लागतं. कोणाची मुलगी मोठी झाली. सगळ्यांनी आम्हाला कारण दिलं होतं, 'घरी काम आहे.' आणि आम्ही ते वहीत तसंच लिहिलं होतं.

तर मंडळी, तिथून हे सुरू झालं. माझी पात्रता म्हणाल तर वाणिज्य शाखेचा पदवीधर. हातोडा धरायचा तो दिवाळीत कंदील टांगण्यापुरता. म्हणून माझ्या चुकाही सांगतो, म्हणजे कोणाला करायचं असेल तर त्याचा तेवढा खर्च वाचेल.

आधी न्हाणीघर. मला वाटलं, सोपं आहे. बादलीला भोक पाडायचं, नळी लावायची, शॉवर बसवायचा, बादली उंच टांगायची. गच्चीवर प्रयोग केला. शॉवरमधून पाणी कसं आलं, तर सलाइनसारखं. थेंब, थेंब. कारण नंतर कळलं. पाणी दहा मीटर उंचीवर ठेवलं तर खाली साधारण एक किलोचा दाब मिळतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहिल्या मजल्याला धो धो येतं आणि सातव्या मजल्याचे सभासद दर सर्वसाधारण सभेत तक्रार करतात, ते याच हिशोबाने. माझी बादली जेमतेम सहा फुटांवर. म्हणजे दाब एक पंचमांश किलोसुद्धा नाही. शॉवर कसा चालणार?

उपाय सापडला तो शेतीच्या दुकानात. शेतकरी पाठीवर अडकवतात तो बॅटरीवरचा फवारणी पंप. सोळा लिटरची टाकी, बारा व्होल्टची बॅटरी, घरच्या विजेवर चार्ज होते. त्याची फवारायची नळी काढून तिथे संडासात लावतो तो हँडशॉवर बसवायचा. दोन्हींचे आटे जुळत नव्हते. आपल्याकडे प्लंबिंगच्या कामाला येणाऱ्या मुलाने पितळी जोड शोधून आणला. बटण दाबलं आणि झकास धार आली.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. पहिल्यांदा मी काटकसर म्हणून गावाकडून भावाचा जुना पंप मागवला होता. तीनदा साबणाने धुतला. झाकण उघडून हिने नुसता वास घेतला आणि विचारलं, "यातून द्राक्षबागेला औषध मारायचे ना?" मी गप्प. पंप परत गेला. औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी तो अंगावर घ्यायच्या पाण्याला कधीही वापरायचा नाही. पंप कोराच घ्यायचा, आणि त्यावर रंगाने ठळक लिहून ठेवायचं, 'फक्त अंघोळीसाठी', म्हणजे उलटी चूकही होणार नाही.

पाण्याचा हिशोब असा. एका माणसाला आठ लिटर पाण्यात डोक्यावरून नाही, पण अंगावरून व्यवस्थित अंघोळ होते. म्हणजे एका टाकीत दोन माणसं. बटण हाताशी असल्यामुळे साबण लावताना पाणी बंद ठेवता येतं, खरी बचत तिथेच. थंडीत दोन तांबे गार पाण्याला एक तांब्या उकळतं असं प्रमाण धरलं की अंगाला सोसेल असं कडत पाणी मिळतं. टाकीत आधी गार ओतायचं, मग गरम, आणि हाताने पाहिल्याशिवाय अंगावर घ्यायचं नाही. प्लास्टिकची टाकी आहे, उकळतं पाणी थेट ओतलं तर ती वाकडी होते. हेही अनुभवाने सांगतो.

आता खोली. एक इंची पीव्हीसी पाईप. दहा फुटी नळीचे सहा फूट आणि चार फूट असे दोन तुकडे करायचे. सहा फुटी तुकडे खांबाला, चार फुटी आडवे. काहीही वाया जात नाही. खालच्या तीन बाजूंना आणखी तीन चार फुटी तुकडे. चौथी बाजू दाराची, ती खाली मोकळी ठेवायची, नाहीतर येणारा-जाणारा ठेच खातो. कोपऱ्यासाठी तीन तोंडांचा जोड हवा, तो मला दुकानात मिळाला नाही. एल्बो आणि टी एकमेकांना जोडून तो केला. ते जोड तेवढे सोल्युशनने चिकटवले. बाकी सगळं नुसतं दाबून बसवायचं, म्हणजे सुटं होतं. प्रत्येक तोंडावर आणि प्रत्येक नळीवर रंगाने नंबर टाकले. बँकेत व्हाउचरला नंबर नसेल तर गोंधळ होतो, तसाच इथे होतो.

अशा दोन खोल्या केल्या. एक अंघोळीची, एक संडासाची. दोन्ही वेगळ्या आणि एकमेकींपासून दूर, कारण अंघोळीचं पाणी संडासाच्या खड्ड्यात गेलं की खड्डा भरतो आणि वासही येतो.

पहिल्यांदा गच्चीवर खोली उभी केली, वर ताडपत्री ओढली, आणि चहा प्यायला खाली आलो. वारा सुटला. आमचं न्हाणीघर कठड्यावरून उडालं ते शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. नशीब, खाली कोणी नव्हतं. गच्ची आपली सर्वांची असताना कमिटीला न विचारता प्रयोग केला, याबद्दल मला पत्र आलं आणि ते योग्यच होतं. पुढचे प्रयोग खाली, मागच्या मोकळ्या जागेत केले. ताडपत्री लावली की खोली शिडासारखा वारा धरते. चारही कोपऱ्यांना दोर हवेत, ते खांबापासून लांब तिरके ओढून लोखंडी मेखांनी जमिनीत पक्के करायला हवेत. जमीन खडकाळ असली तर पोत्यात दगड भरून दोर त्याला बांधायचा.

मागच्या जागेत मी नळ्या जोडत असताना आपले वॉचमन मदतीला यायचे. जालन्याकडचे, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. एकदा खांब धरून उभे असताना त्यांनी हळूच विचारलं, "काका, हे आमच्यासाठी करताय का?" मी हसून म्हणालो, "नाही हो, सहलीसाठी." ते "बरं, बरं" म्हणाले आणि पुढचा खांब धरला. हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला मी घट्ट झाकणाच्या वीस लिटरच्या बादलीवर सीट बसवली होती. एका माणसाला, रात्रीपुरतं, ते उत्तम आहे. पण हिशोब करा. माणूस दिवसाला सुमारे दीड लिटर लघवीच करतो. त्यात आपल्याला पाणी वापरायची सवय. वीस-बावीस माणसांना बादली दुपारपर्यंत पुरणार नाही. आणि भरलेली बादली रिकामी कोणी करायची? हा प्रश्न आपल्या समाजाने फार वर्षं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकला आहे, शब्दशः डोक्यावर. माझ्या साध्या डबा-बादलीत मला तो परत आणायचा नव्हता.

तेव्हा मला कणकवली आठवली. तिथल्या शाखेत असताना मी गोपुरी आश्रमात जात असे. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना 'कोकणचे गांधी' म्हणतात, त्यांनी तो आश्रम उभा केला. स्वतः ब्राह्मण घरातला हा विद्वान माणूस भंगीकाम करत असे. मैला कोणी उचलायला लागू नये आणि त्याचं खत व्हावं, यासाठी त्यांनी जो संडास केला, तो 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला गेला. आपल्या भाषेत त्या खताला 'सोनखत' म्हणतात. शब्द बघा, किती विचार करून ठेवलेला आहे. तरुणपणी मी ते सगळं आदराने ऐकलं आणि विसरलो. पण मातीने झाकलं की वास जातो, माशी बसत नाही आणि काम मातीच करते, एवढं आठवत होतं.

म्हणून बादली काढली. आजारी माणसासाठी मेडिकलच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, हात टेकायला दांड्या असलेली. तिचं खालचं भांडं काढून टाकायचं. जमिनीत चर खणायचा, एक फूट रुंद, अडीच फूट लांब, दोन फूट खोल. त्यावर खुर्ची. खुर्चीच्या पायांखाली दोन जाड फळ्या हव्यातच, नाहीतर पाय मातीत रुततात आणि खुर्ची तिरकी होते. याची चाचणी मी स्वतः घेतली. अधिक तपशील विचारू नका. चरातून निघालेली माती शेजारी ढिगाने ठेवायची, त्यात थोडी राख मिसळायची. प्रत्येकाने झाल्यावर दोन मगे माती टाकायची. चर वरून एक फूट राहिला की तो मातीने बंद, आणि नवीन चर. पाण्याच्या जागेपासून, मग ती विहीर असो, ओढा असो की तलाव, किमान दोनशे फूट लांब. साधारण सत्तर पावलं मोजा.

हात धुवायला बाहेर नळाचा कॅन आणि साबण. साबण मातीत पडतो, म्हणून तो जुन्या मोज्यात घालून टांगला. दाराला एकावर एक येणारे दोन पडदे, नाडीने बांधायचे. कोणी आत असेल तर बाहेर लाल फडकं. झाकणाचा एक डबा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आत ठेवायचा, ही सौ.ची सूचना. कशासाठी, ते ज्यांना कळायचं त्यांना कळलं, आणि आम्हा पुरुषांना इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

आणखी एक चूक तिनेच पकडली. संध्याकाळी खाली सगळं उभारून, आत टॉर्च लावून, मी मोठ्या अभिमानाने तिला दाखवायला बोलावलं. मी आत उभा राहिलो. ती बाहेरून म्हणाली, "अहो, तुम्ही कान खाजवताय तेही दिसतंय." निळ्या ताडपत्रीवर माझी सावली अशी पडली होती, जणू बाहुल्यांचा खेळ. दिवसा काही दिसत नव्हतं आणि रात्री सगळं दिसत होतं. त्या पडद्यामागे एक तरी बाई गेली असती का? मग आतून काळ्या जाड कापडाचं अस्तर शिवून घेतलं आणि दिवा मध्यभागी, डोक्यावर, खाली तोंड करून टांगला, म्हणजे सावली पायाशी पडते.

खर्च सांगितला नाही तर मला चैन पडणार नाही. पंप 2,850, खुर्ची 2,200, पाईप व जोड 3,140, ताडपत्री, अस्तर आणि शिलाई 1,900, दोर, मेखा, फळ्या, किरकोळ 760. एकूण 10,850. फसलेल्या प्रयोगांचं बुडीत कर्ज 1,150. म्हणजे बरोबर 12,000. हिशोब असा गोल आला की बँकवाल्याला संशय येतो. मीही दोनदा तपासला. बरोबर आहे.

2019 च्या जानेवारीत आपण भंडारदऱ्याला गेलो. कसारा घाट, इगतपुरी, घोटी, आणि तिथून आत. 1926 साली पूर्ण झालेलं प्रवरेवरचं विल्सन धरण, समोर कळसूबाईचा डोंगर. एका शेतकऱ्याच्या रिकाम्या वावरात तंबू टाकले. बावीस माणसं. मी नकाशा काढून नेला होता, संडास कुठे, न्हाणीघर कुठे. शेतकऱ्याने नकाशा पाहिलाच नाही. त्याने विचारलं, "साहेब, चर कुठं घेताय?" मी जागा दाखवली. तो म्हणाला, "अंतर बरोबर हाय, पण विहीर खालच्या अंगाला हाय. पावसाळ्यात पाणी हिकडून तिकडं उतरतं." मी पावलं मोजली होती, उतार पाहिला नव्हता. जागा बदलली, विहिरीच्या खालच्या बाजूला आणि आणखी लांब. त्याच्या मुलाने पहार दिली. वरची वीतभर माती, खाली मुरूम. दोन फूट खणायला दोन तास लागले आणि आमच्यातले तिघे ज्येष्ठ नागरिक आडवे झाले. अंघोळीच्या जागी फळ्यांची जाळी आणि तिच्याखाली दगडगोट्यांनी भरलेला छोटा शोषखड्डा केला, म्हणून चिखल झाला नाही.

त्या सहलीला बायका निम्म्याहून जास्त होत्या. पहाटे पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि अंघोळीला रांग लागली. सी विंगमधले सहा फुटी जावईबापू आत गेले तेव्हा त्यांचं डोकं वर दिसत होतं आणि ते आतून सगळ्यांशी गप्पा मारत होते. खरं सांगतो, मला त्यातलं काही दिसत नव्हतं. माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. आमची सौ. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळाला जाऊन आली, उन्हातून दमून आली, आणि पाण्याची बाटली तोंडाला लावून रिकामी केली. मग उठून परत भरून आणली. दुपारपर्यंत तिने ती बाटली तीन वेळा भरली. कोणाच्या ते ध्यानातही आलं नसेल. मी मोजत होतो.

निघताना चर मातीने भरून वर दगड रचले आणि शेतकऱ्याला सांगितलं, वर्षभर इथे उकरू नका. तो म्हणाला, "ते आम्हाला काय सांगता?" तेही बरोबरच होतं.

त्यानंतर करोनाची वर्षं सोडून दरवर्षी आपण हा संच नेतो. इथे माझं भाषण संपायला हवं होतं. पण सौ.ने गेल्या महिन्यात एक प्रश्न विचारला, तो राहिला आहे.

आमच्या घरी बारा वर्षं कामाला येणाऱ्या ताई आहेत. आपल्या इमारतीत त्या सहा घरं करतात. सकाळी सातला येतात, दुपारी दोनला जातात. उन्हाळ्यात हिने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, त्यांनी घोटभर घेऊन परत ठेवला. ही म्हणाली, "एवढंच?" ताई म्हणाल्या, "घरी गेल्यावर पिते."

हिला पुढचं विचारावं लागलं नाही. ती माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "अहो, ऐकलंत?"

आणि मला वॉचमनचा तो प्रश्न सहा वर्षांनी ऐकू आला. "हे आमच्यासाठी करताय का?"

मंडळी, आपल्या तीन विंगमध्ये प्रत्येक घरात दोन-दोन संडास आहेत. बिल्डरच्या मंजूर नकाशात तळमजल्यावर, मीटर रूमच्या शेजारी, कर्मचाऱ्यांसाठी एक संडास आहे. त्याला सध्या कुलूप आहे. आत रंगाचे डबे, जुन्या नळ्या आणि गणपतीच्या मखराचं सामान आहे. ती जागा गोदाम म्हणून वापरण्याचा ठराव 2006 साली झाला. मी कोणाकडे बोट दाखवत नाही. ठरावाखाली खजिनदार म्हणून माझी सही आहे. जागेची अडचण होती, कर्मचारी 'कुठेतरी जातातच', असं तेव्हा बोलणं झालं होतं. ते कुठे जातात, हे आम्ही कोणी विचारलं नाही. आपला वॉचमन बारा तासांच्या पाळीत नाक्यावरच्या सार्वजनिक शौचालयात जातो, तेही फाटकावर कोणी उभं राहिलं तर. आणि ताई पाणी पीत नाहीत.

भंडारदऱ्याच्या मुरमात दोन तास खणून मी बावीस माणसांची सोय केली, तीही दोन रात्रींची. इथे भांडं बसवलेलं आहे, नळ आहे, ड्रेनेज आहे. फक्त कुलूप काढायचं आहे.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात माझी संस्थेकडे एकच मागणी आहे. ती खोली रिकामी करावी. कडी, दिवा, पाणी आणि आत झाकणाचा एक डबा एवढं करावं. साफसफाईची पाळी आम्ही ज्येष्ठ नागरिक लावून घेऊ. पहिला आठवडा माझा. रंगाचे डबे आणि मखराचं सामान ठेवायला जागा नसेल, तर ते माझ्या बाल्कनीत ठेवा. सहलीचा संच तिथे आहेच, तो मी दिवाणाखाली सरकवतो. हिची परवानगी घेतली आहे.

अध्यक्षांनी आत्ता मान डोलावली, असं मला इथून दिसलं. सेक्रेटरी साहेब, तेवढी मिनिट्समध्ये घ्यावी.

जेवणाआधी सर्वांनी भरपूर पाणी प्या.